बारी ते इगोमेनित्सा, गाडीसकट रात्रीची फेरी: आमचा अनुभव

इटली आणि ग्रीस एकाच ट्रिपमध्ये करायचं ठरलं तेव्हा बहुतेकांनी विमानानेच जा म्हणून सांगितलं, पण आमच्याबरोबर आई होत्या (माझ्या सासूबाई), त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे बॅगा घेऊन बस-टॅक्सी बदलत बसणं शक्यच नव्हतं. एकच गाडी दोन्ही देशांत हवी, म्हणून मग रोमला भाड्याची गाडी घेतली आणि इटलीतल्या बारी बंदरातून रात्रीच्या फेरीने (म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने) ग्रीसच्या इगोमेनित्सा बंदराला गेलो. अकरा दिवसांच्या ट्रिपमधली ही रात्र मला सगळ्यात जास्त आवडली.

प्लॅनिंग करताना आम्ही आधी फेरीची तारीख पक्की केली आणि मग तिच्या मागेपुढे हॉटेलं बसवली. तुम्हीही तसंच करा. चार बर्थची केबिन हवी असेल तर ती लवकर संपते, हॉटेल काय कुठेही मिळतं. गाडी भाड्याची असेल तर फेरीवर न्यायची आणि दुसऱ्या देशात न्यायची परवानगी लेखी घ्या, हे मी कळकळीने सांगतेय. आम्हाला फोनवर "हो हो चालेल" म्हणाले होते आणि काउंटरवर करार वाचला तर त्यात स्पष्ट मनाई! नवऱ्याने सही करायच्या आधी वाचलं म्हणून वाचलो, तिथेच दुसऱ्या कंपनीकडून जास्त पैसे भरून गाडी आणि परवानगीचं पत्र घेतलं, पण दोन तास गेले आणि आई बिचाऱ्या सामानापाशी बसून होत्या.

रोम ते बारी साधारण साडेचारशे किलोमीटर, एका दिवसात होतं पण आम्ही दोन रात्री मातेराला काढल्या, तिथून बारी जेमतेम ६५ किलोमीटर. हायवेला टोलची चिठ्ठी आत शिरताना घ्यायची आणि पैसे बाहेर पडताना द्यायचे, फक्त टेलिपासच्या (आपल्या फास्टॅगसारखं) पिवळ्या लेनमध्ये शिरू नका. बारीच्या जुन्या गावातही गाडी घालू नका, परवान्याशिवाय आत गेलात तर कॅमेरे नंबर टिपतात आणि दंड नंतर येतो. गाडी बाहेर लावून चालत जा, गल्लीत बायका दारापुढे टेबल मांडून हाताने ओरेकिएत्ते पास्ता वळत बसलेल्या असतात, अंगठ्याने एक दाब दिला की पिठाचा इवलासा कान तयार! आई तिथे अर्धा तास खिळून उभ्या होत्या.

आमची फेरी साडेसातची होती, दोन तास आधी पोचलो. गाडी घेऊन फक्त ड्रायव्हर आत, बाकीच्यांना वेगळं चालत चढवतात, म्हणजे ज्येष्ठ कोणी असेल तर सरकता जिना कुठाय ते आधीच विचारा. नवरा सांगत होता की खाली ट्रकांच्या रांगा, डिझेलचा वास, ओला लोखंडी फ्लोअर आणि खलाशी हाताने खुणा करत गाडी इतकी जवळ लावायला लावतो की आरसे मिटल्याशिवाय दार उघडत नाही. एकदा बोट सुटली की तो डेक बंद, म्हणून रात्रीची छोटी बॅग वेगळी भरा. आईंच्या बीपीच्या गोळ्या नेमक्या डिकीत राहिल्या होत्या. रिसेप्शनवरच्या मुलीने काहीही कटकट न करता बोट सुटायच्या आत एक माणूस बरोबर दिला आणि गोळ्या आणून दिल्या, या एका गोष्टीसाठी माझ्याकडून पैकीच्या पैकी.

केबिन छोटी पण स्वच्छ, चादरी कडक धुतलेल्या, बाथरूमला गरम पाणी. रिक्लायनर सीट स्वस्त पडते, पण सकाळी गाडी चालवायची असेल तर नको. जेवण ठीकठाक आणि महाग, आम्ही बारीतून फोकाच्चा (इटालियन पाव) आणि फळं घेतली होती ते बरं झालं. मोबाईल एअरप्लेन मोडवर ठेवा, समुद्रात जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं तर बिल भयानक येतं. पण मग फोन इटलीचीच वेळ दाखवत राहतो आणि ग्रीस एक तास पुढे, तिकिटावर लिहिलेली साडेपाचची वेळ ग्रीसची असते! आम्ही गजर साडेचारचा लावला होता, म्हणजे उठलो असतो तेव्हा बोट धक्क्याला लागलेली असती. नशिबाने स्टाफने आधीच दार ठोठावलं.

बोट इगोमेनित्साहून पुढे पात्रास बंदराला जाते, पण कड्यांवरचे मठ असलेल्या मेतेओराला जायचं तर इगोमेनित्सालाच उतरा. बंदरातून निघालं की लगेच एग्नातिया हायवे लागतो, बोगद्यामागून बोगदे, आणि तासाभरात योआनिनाचा तलाव. मेतेओरा, डेल्फी करून आम्ही रिओ-अंतिरिओ पुलावरून खाली उतरलो. २००४ साली झालेला, २,८८० मीटरचा, काचेतून वर बघितलं की केबलींचे पंखे डोक्यावरून सरकत जातात. मग ओलिंपिया, आणि परतीची फेरी पात्रासहून. ती लांब आहे, सोळा तासांच्या आसपास, तेव्हा खिडकीवाली केबिन घेतली आणि आईंनी सबंध सकाळ त्या खिडकीशी बसून काढली.