जे कायद्याने फुकट होते, तेच आम्ही विकत घेतले

हा अनुभव लिहिताना मुलाचे नाव, गाव, शाळा आणि घटनेची तारीख मी मुद्दाम वगळली आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार गुन्ह्याच्या प्रकरणातल्या मुलाची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करता येत नाही. हे मला फार उशिरा कळले. सुरुवातीला कुठूनतरी मदत मिळेल या आशेने मीच त्याचा फोटो आणि प्रथम खबर अहवालाची प्रत नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती.

मुलगा माझ्या बहिणीचा. घटनेच्या दिवशी त्याचे वय 17 वर्षे 2 महिने होते. शिकवणीच्या वर्गाबाहेर दोन गटांत मारामारी झाली, एका मुलाच्या डोक्याला मार लागला आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 109 खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा, गुन्हा नोंदवला गेला. आमच्या बाजूच्या मुलांपैकी एक जण 19 वर्षांचा होता. भाऊजी नोकरीनिमित्त परगावी असल्याने सगळी धावपळ माझ्याकडे आली. गेली 22 वर्षे मी कार्यालयात इतरांची कागदपत्रे तपासण्याचे काम करतो, त्यामुळे मला कोणी सहज फसवू शकणार नाही, अशी माझी समजूत होती.

त्या संध्याकाळी पोलीस ठाण्याच्या फाटकाशी एक गृहस्थ भेटले. स्वच्छ सदरा, गळ्यात गोल शिक्क्याचे ओळखपत्र, हातात फायलींची पिशवी. आपण बाल न्याय मंडळाचे, म्हणजे अल्पवयीन मुलांवर आरोप असलेल्या गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या मंडळाचे, समुपदेशक आहोत, असे त्यांनी सांगितले. ‘‘मामा, मुलगा सोळाच्या पुढचा आहे. केस मोठ्यांच्या कोर्टात जाईल आणि जन्मठेप लागेल. पण मानसिक तपासणीचा अहवाल आमच्याच हातात असतो,’’ हे त्यांचे वाक्य मला अजून जसेच्या तसे आठवते. बहीण शेजारी उभी होती. ‘जन्मठेप’ हा शब्द ऐकल्यावर तिने पुढचे काहीच ऐकले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही ऐकले नाही.

त्यांच्या बोलण्यात अर्धे सत्य होते, आणि त्या अर्ध्याच्या आधारावरच उरलेले खोटे खपले. सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलाचे बाल न्याय अधिनियमाच्या कलम 15 खाली प्राथमिक मूल्यांकन होते, म्हणजे गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज तपासली जाते, आणि त्यानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे, जिथे त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो, जाऊ शकते, हे खरे आहे. मात्र ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षे किंवा त्याहून अधिक कारावास सांगितलेला आहे, त्यालाच ही तरतूद लागू होते. खुनाच्या प्रयत्नाला कमाल शिक्षा मोठी असली तरी अशी किमान शिक्षा ठरवलेली नाही. केवळ कमाल शिक्षा सात वर्षांपेक्षा जास्त असल्याने गुन्हा कायद्यातल्या सर्वांत गंभीर गुन्ह्यांच्या वर्गात जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली शिल्पा मित्तल प्रकरणात स्पष्ट केले आणि 2021 च्या दुरुस्तीने ते कायद्याच्या व्याख्येतच आले. म्हणजे ज्या अहवालासाठी आमच्याकडून पैसे घेतले गेले, त्या अहवालाचा आमच्या प्रकरणात प्रश्नच नव्हता. चौकशी मंडळच करणार होते आणि मंडळ जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात, म्हणजे दोषी आढळलेल्या मुलांच्या सुधारगृहात, ठेवण्याचा आदेश देऊ शकते.

पहिले 15,000 रुपये त्यांनी ‘मुलाला लॉकअपमध्ये टाकू नये म्हणून’ घेतले. अल्पवयीन मुलाला कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला मंडळापुढे हजर करावे लागते, हे कलम 10 मध्येच लिहिलेले आहे. तो रात्रभर पोलिसांच्या बाल पथकाच्या खोलीत होता. आम्हाला वाटले, आपल्या पैशांनी काम केले.

दुसरी रक्कम 60,000 रुपयांची, अहवालासाठी. ती त्यांनी स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्याच एका व्यक्तीच्या खात्यावर मोबाइलवरून मागवली. तिसरी 35,000 रुपयांची, ‘जामिनाची अनामत’ म्हणून. पावती मागितल्यावर ते हसले आणि म्हणाले, ‘‘अशा कामाची पावती असते का, साहेब?’’ एरवी पावतीशिवाय एक रुपयाचे बिल पुढे न सोडणारा मी तिथे गप्प बसलो.

पैसे गेले त्याचे मला आता फारसे वाटत नाही. त्या काळात त्यांच्या सांगण्यावरून आम्ही तीन गोष्टी केल्या, त्यांनी मुलाचे जे नुकसान झाले ते मोठे आहे. पहिली गोष्ट अशी की, मंडळात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातर्फे वकीलबाई स्वतःहून बहिणीला भेटल्या, तेव्हा ‘सरकारी वकील म्हणजे समोरच्यांचाच माणूस’ या गृहस्थांच्या शिकवणीवरून बहिणीने ‘आम्हाला वकील नको’ असे लिहून दिले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि तो सरकार पक्षाचा नसून मुलाचा असतो, एवढे साधे आम्हाला माहीत नव्हते. दुसरी गोष्ट, भेटीच्या वेळी त्यांनी मुलाकडून ‘माझी चूक झाली, मला माफ करा’ असे पत्र लिहून घेतले आणि ते दाखवून समोरच्या कुटुंबाशी तडजोड करतो म्हणाले. मुलाकडून जबाबावर सही घ्यायला नियमांनुसार पोलिसांनाही मनाई आहे, आणि आम्ही मात्र एका परक्या माणसासाठी त्याच्या हाती पेन दिले. तिसरी गोष्ट सांगताना मला लाज वाटते. वय सोळाच्या आत दाखवणारा जन्माचा दाखला ‘मिळवून देतो’ असे ते म्हणाले आणि मी विचार करून सांगतो, असे उत्तर दिले. नकार दिला नाही. शाळेच्या किंवा शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावरील जन्मतारीख बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 नुसार आधी धरली जाते. तो दाखला दाखल झाला असता तर आमच्यावर बनावट कागदाचा दुसरा गुन्हा दाखल झाला असता आणि मुलाच्या खऱ्या वयावरही संशय आला असता.

हे सारे उघडकीस आले ते मंडळाच्या परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी आल्या त्या दिवशी. सामाजिक तपासणी अहवालासाठी त्यांनी मुलाचे शिक्षण, मित्र, घरातले वातावरण याबद्दल तासभर शांतपणे विचारले. निघताना मी आवाज खाली आणून म्हणालो, ‘‘आमच्या साहेबांनी आपल्याशी बोलणे केले असेलच.’’ त्यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, ‘‘कोणते साहेब?’’ मी नाव सांगितले. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य असतात, या नावाचे कोणीही त्यांच्याकडे नाही आणि हा अहवाल लिहिण्याचे काम त्यांचे स्वतःचे आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांनी चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी फाईल पाहिली. जामिनाचा अर्ज कोणी केलेलाच नव्हता. ‘अनामत’ दिल्यानंतरचे अकरा दिवस मुलगा निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या गृहात, आमची वाट पाहत होता. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 12 नुसार अशा मुलाला जामीन देणे हा नियम आहे आणि तो हमीदाराशिवायही देता येतो. सुटकेमुळे तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल असे मानायला वाजवी कारण असेल तरच तो नाकारता येतो आणि ती कारणे मंडळाला लिहावी लागतात. बहिणीने लिहून दिलेल्या नकाराबद्दल मी भीतभीत विचारले, तेव्हा त्यांनी त्याच अधिनियमाच्या कलम 3 मधले एक तत्त्व वाचून दाखवले: मुलाचा कोणताही हक्क सोडून देता येत नाही, मग तो स्वतः सोडो किंवा त्याच्या वतीने दुसरा कोणी. अर्ज त्याच आठवड्यात मंजूर झाला. 19 वर्षांच्या मुलाचे प्रकरण वेगळ्या न्यायालयात चालले आहे, कारण मुलाची आणि प्रौढाची कार्यवाही एकत्र चालवता येत नाही. माफीपत्र मात्र समोरच्यांनी दाखल केले आहे आणि त्यावर हरकतीचा वाद अजून सुरू आहे.

तक्रार द्यायला मला दोन महिने लागले. गृहस्थांचा फोन बंद होता, रोख रकमेला पुरावा नव्हता, उरला तो मोबाइलवरून पाठवलेल्या रकमेचा तपशील. पण उशिराचे खरे कारण वेगळे होते. लोकसेवकाला वळवण्यासाठी दिलेले पैसे मध्यस्थामार्फत दिले तरी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 8 खाली देणाराही दोषी ठरू शकतो. ज्याला द्यायला भाग पाडले गेले त्याला संरक्षण आहे, पण त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवायला हवे. माझे ते सात दिवस केव्हाच उलटले होते. अशा लोकांचा धंदा बहुधा या मौनावरच चालतो. पोलीस अधिकाऱ्यांनी मला विचारले, ‘‘हे 60,000 कोणाला पोहोचणार आहेत, असे तुम्हाला वाटले होते?’’ वकीलबाई शेजारी बसल्या होत्या. अहवाल लिहिणाऱ्याला, असे मी सांगितले आणि ते उत्तर तक्रारीत तसेच लिहून घ्यायला सांगितले.