कोवर्किंगमध्ये काही महिने काढल्यावर: भुलू नका, करार वाचा

आमची दोघांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, बरेच महिने एका कोवर्किंगमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्या एकत्र बसतात आणि सीटप्रमाणे भाडं देतात अशा ऑफिसात बसतोय, नाव नाही टाकत. आधी चांगलं सांगतो. स्वतःचं ऑफिस म्हणजे तगडं डिपॉझिट, काही वर्षांचं लॉक-इन (तोवर जागा सोडता येत नाही), फर्निचर, वायरिंग, आणि धंदा चालेल की नाही याचाच पत्ता नसताना एवढे पैसे अडकवायचे कोणी? इथे महिन्याची नोटीस दिली की मोकळे, माणूस वाढला तर सीट वाढवा. नवीन धंद्याला खरा आधार हाच.

कम्युनिटी नसते असं नाही, पण ती त्यांच्या नेटवर्किंग इव्हेंटला भेटत नाही, तिथे सगळे आपापलं विकायलाच आलेले असतात. आमचा अकाउंटंट आम्हाला कॉफी मशीनच्या रांगेत सापडला आणि पहिलं मोठं काम शेजारच्या डेस्कवरच्या मॅडमनी मिळवून दिलं, कारण आम्ही कसं काम करतो ते त्या रोज बघत होत्या. म्हणून परवडत असेल तर फिक्स डेस्कच घ्या, हॉट डेस्कवर, म्हणजे रोज जिथे मिळेल तिथे बसायचं, शेजारी रोज नवा, ओळख व्हायची कधी?

वैताग म्हणजे आवाज. फोन बूथ कायम भरलेले, मीटिंग रूमचे क्रेडिट (भाड्यात धरलेले तास) मध्येच संपतात मग तासाचे वेगळे पैसे, आणि क्लायंटशी पैशांचं बोलायचं तर जिन्यात जाऊन उभं राहायचं.

आता कामाचं. २००५ मध्ये ब्रॅड न्यूबर्गने सॅन फ्रान्सिस्कोत कोवर्किंग सुरू केलं तेव्हा आठवड्यातले दोनच दिवस जागा उघडी असायची, साधा मामला. नंतर वीवर्कसारख्या मोठ्या कोवर्किंग कंपन्या आल्या, २०१९ च्या सुरुवातीला वीवर्कची किंमत ४७ अब्ज डॉलर धरली होती आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनीच दिवाळखोरीचा अर्ज केला. या कंपन्यांचा धंदाच असा, जागा मालकाकडून वर्षानुवर्षांच्या करारावर घ्यायची आणि आपल्यासारख्यांना महिन्यावर द्यायची, मग कोविडसारखं काही आलं की सीट रिकाम्या पण भाडं चालूच. म्हणजे आपण जो धोका टाळतो तो ते डोक्यावर घेतात, आणि त्यांचं बुडालं तर आपलं डिपॉझिटही लटकतं.

त्यामुळे डिस्काउंटच्या नादाने वर्षाचे पैसे एकदम भरू नका, डिपॉझिट किती दिवसात परत ते लेखी घ्या. कंपनीचा रजिस्टर्ड पत्ता तिथला देणार असाल तर दोनदा विचार करा, जागा बंद पडली की बँकेपासून टॅक्सपर्यंत सगळीकडे पत्ता बदलत बसावं लागतं. आम्ही सध्या राहतोय, टीम वाढली की सीटचा हिशोब परत मांडणार.