न्यूट्रिनोच्या वस्तुमानाचं कोणतं मॉडेल हाती घ्यावं?

न्यूट्रिनोवर, म्हणजे विद्युतभार नसलेल्या अतिहलक्या कणावर, प्रबंधासाठी सैद्धांतिक काम करायचं ठरलं की पहिला पेच पडतो तो मॉडेल निवडण्याचा. सीसॉचेच (एक नवा कण जितका जड, तितका न्यूट्रिनो हलका, अशी यंत्रणा) तीन प्रकार, त्यात इन्व्हर्स सीसॉची भर, लूपमधून (क्षणभर उद्भवून विरणाऱ्या कणांच्या फेऱ्यातून) वस्तुमान मिळवणारी मॉडेलं वेगळी आणि सममितीच्या गटांवर उभी असलेली, न्यूट्रिनोच्या तीन रूपांचं मिश्रण सांगणारी फ्लेव्हर मॉडेलं त्याहून वेगळी. सगळं वाचून मग ठरवू म्हटलं, तर ठरवायची वेळ कधी येतच नाही. माझं मत आधीच सांगतो: मॉडेल किती देखणं आहे हे नंतर पाहा, ते कोणत्या मोजणीने खोटं ठरू शकतं हे आधी विचारा. पुढची तुलना याच निकषावर केली आहे.

सगळ्याच मॉडेलांना सांभाळावे लागतात असे काही आकडे आहेत. १९९८ मध्ये जपानमधल्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने आणि त्यानंतर तीन-चार वर्षांत कॅनडातल्या एसएनओ वेधशाळेने न्यूट्रिनो प्रवासात रूप बदलतात हे पक्कं केलं. म्हणजे त्यांना वस्तुमान आहे. वस्तुमानांच्या वर्गांतले फरक दोन आहेत, सुमारे ०.००००७५ आणि ०.००२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर्ग (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांच्या ऊर्जेचं आणि वस्तुमानाचं एकक). प्रत्येक रूप ठरावीक वस्तुमानाच्या तीन अवस्थांचं मिश्रण असतं. त्या मिश्रणाचे कोन तीन: थीटा-१२ सुमारे ३४ अंश, थीटा-२३ हा ४५ च्या आसपास आणि थीटा-१३ साधारण साडेआठ अंश. प्रत्यक्ष वस्तुमानावर जर्मनीतल्या काट्रिन प्रयोगाने २०२५ मध्ये ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टची वरची मर्यादा घातली. विश्वरचनेच्या निरीक्षणांतून तिन्हींच्या बेरजेवर येणारी मर्यादा बरीच कडक आहे, पण ती विश्वाचं कोणतं मॉडेल धरता त्यावर हलते.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. वस्तुमान इतकं कमी का, हा एक. मिश्रण अशाच कोनांचं का, हा दुसरा. बहुतेक मॉडेलं यातल्या एकाचंच उत्तर देतात आणि दुसऱ्यासाठी मोकळे पॅरामीटर ठेवून देतात. तुम्हाला कोणता प्रश्न छळतो हे ठरलं की अर्धी निवड होते.

वस्तुमानापासून सुरुवात करू. सर्वांत साधा मार्ग डिराकचा: उजव्या हाताचा न्यूट्रिनो (नेहमीच्या न्यूट्रिनोचा अजून न दिसलेला जोडीदार) आणायचा आणि इलेक्ट्रॉनप्रमाणेच हिग्ज क्षेत्राकडून वस्तुमान घ्यायचं. मग युकावा कपलिंग, म्हणजे हिग्जशी जोडणीची ताकद, इलेक्ट्रॉनच्या कपलिंगपेक्षाही जवळपास एक कोटी पट लहान लागतं. यात चूक काहीच नाही, पण स्पष्टीकरणही काही मिळत नाही. न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय (अणुकेंद्रातून दोन इलेक्ट्रॉन निघतात, न्यूट्रिनो एकही नाही) दिसला तर न्यूट्रिनो मायोराना, म्हणजे स्वतःचेच प्रतिकण, ठरतील आणि हा मार्ग बंद होईल. तोवर तो उघडा आहे.

टाइप-१ सीसॉ बहुतेकांचं पहिलं प्रेम, आणि ते समजण्यासारखं आहे. उजव्या न्यूट्रिनोला स्वतःचं प्रचंड मायोराना वस्तुमान द्या. ते जितकं वर जाईल तितका हलका न्यूट्रिनो खाली येतो. हिशेब कागदावर करून पाहा: कपलिंग एक धरलं, हिग्ज क्षेत्राच्या १७४ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) या मूल्याचा वर्ग केला आणि त्याला ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्टने भागलं, तर जड न्यूट्रिनो सुमारे ६ गुणिले १० चा १४वा घात जीईव्हीवर बसतो. महाएकीकरणाच्या (निसर्गातली तीन बलं एक होण्याच्या) ऊर्जेच्या इतक्या जवळ तो येतो की हा योगायोग वाटत नाही. एसओ-१० या महाएकीकरणाच्या मॉडेलात उजवा न्यूट्रिनो तर आपोआपच मिळतो. शिवाय फुकुगिता आणि यानागिदा यांनी १९८६ मध्ये दाखवल्याप्रमाणे याच जड कणांच्या क्षयातून विश्वातल्या द्रव्य-प्रतिद्रव्याच्या असमतोलाचा उगम सांगता येतो. एका कल्पनेतून इतकं हाती लागणं विरळाच.

अडचण तपासणीत आहे. तीन उजवे न्यूट्रिनो घेतले तर या क्षेत्रात १८ पॅरामीटर येतात. खालच्या ऊर्जेवर मोजता येण्याजोगे फक्त नऊ. कासास-इबारा पद्धतीने (मोजलेले आकडे आधी घालून उरलेले मोकळे ठेवणाऱ्या मांडणीने) लिहिलं की दिसतं, कोणतेही मोजलेले कोन आले तरी मॉडेल त्यात बसवता येतं. आणि १० च्या १४व्या घाताच्या जीईव्हीपर्यंत कोणताही कोलायडर (कणांच्या टकरी घडवणारं यंत्र) पोचणार नाही. टाइप-१ घ्यायचाच असेल तर दोनच उजव्या न्यूट्रिनोंचा घ्या. पॅरामीटर ११ वर येतात आणि सर्वांत हलका न्यूट्रिनो वस्तुमानहीन निघतो, म्हणजे निदान एक तरी ठाम विधान हाती राहतं.

टाइप-२ हे मला नेहमी योग्यतेपेक्षा कमी कौतुक मिळालेलं मॉडेल वाटतं. यात एक स्केलर त्रिक (फिरकी नसलेल्या तीन कणांचा संच) येतं आणि न्यूट्रिनोचं वस्तुमान-मॅट्रिक्स त्या त्रिकाच्या युकावा मॅट्रिक्सच्या थेट प्रमाणात असतं. त्रिकातला दुहेरी भाराचा कण लेप्टॉनच्या (इलेक्ट्रॉन आणि त्याच्या भावंडांच्या) कोणत्या जोड्यांत किती प्रमाणात फुटेल, हे मग मिश्रणाच्या कोनांवरूनच ठरतं (त्रिकाचं निर्वात-मूल्य, म्हणजे रिकाम्या अवकाशातलं मूल्य, पुरेसं लहान असेल तर). कण सापडला तर ऑसिलेशनचे, म्हणजे रूप बदलण्याचे, आकडे आणि कोलायडरचे आकडे शेजारी ठेवून पडताळता येतील. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये तो अजून दिसलेला नाही. टाइप-३ मध्ये फर्मिऑनचं (इलेक्ट्रॉनसारख्या अर्ध्या फिरकीच्या कणांचं) त्रिक येतं. कोलायडरवर शोधायला ते सोपं आहे, पण मिश्रणाबद्दल टाइप-१ इतकंच गप्प.

इन्व्हर्स सीसॉ आणि स्कोटोजेनिक या दोन्ही मॉडेलांत नवे कण टीईव्हीच्या (हजार जीईव्हीच्या) आसपास ठेवता येतात. इन्व्हर्स सीसॉत लेप्टॉन क्रमांक (लेप्टॉन वजा प्रतिलेप्टॉन) मोडणारा एक बारीकसा पॅरामीटर सगळा भार उचलतो. तो लहान का, हे वेगळं सांगावं लागतं. अर्नेस्ट मा यांच्या २००६ च्या स्कोटोजेनिक मॉडेलात वस्तुमान एका लूपमधून येतं, आणि लूप चालवणाऱ्या कणांतला सर्वांत हलका कृष्णद्रव्याचा उमेदवार असतो. दोन्हींवर म्यूऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाच्या) इलेक्ट्रॉन-फोटॉन क्षयाचा पहारा आहे. हा क्षय शोधणाऱ्या एमईजी-२ प्रयोगाची २०२५ ची मर्यादा दर दहा लाख कोटी क्षयांमागे दीडपेक्षा कमी अशी आहे, आणि स्कोटोजेनिकमधले बरेच पर्याय तिथेच गळतात. कृष्णद्रव्याची ओढ असेल तर मी स्कोटोजेनिक सुचवेन.

आता दुसरा प्रश्न, मिश्रणाचा. २००२ मध्ये मांडलेला ट्राय-बायमॅक्सिमल आकृतिबंध बरीच वर्षं आकड्यांना चपखल बसत होता: थीटा-१२ च्या साइनचा वर्ग एक-तृतीयांश, थीटा-२३ चा अर्धा, थीटा-१३ शून्य. ए-फोर या सममिती गटातून तो सहज मिळत असल्याने त्यावर मॉडेलांची रीघ लागली. २०१२ मध्ये चीनमधल्या दाया बे प्रयोगाने थीटा-१३ शून्य नाही हे दाखवलं आणि मूळ आकृतिबंध गेला.

त्याची दुरुस्त रूपं मात्र आता सर्वांत रंजक टप्प्यावर आहेत. मिश्रणाच्या मॅट्रिक्सचा दुसरा स्तंभ तसाच ठेवला की टीएम-२ मिळतो, पहिला ठेवला की टीएम-१. थीटा-१३ च्या साइनचा वर्ग ०.०२२ घ्या. टीएम-२ म्हणतो थीटा-१२ च्या साइनचा वर्ग ०.३४१ हवा, टीएम-१ म्हणतो ०.३१८. चीनमधल्या जूनो प्रयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेलं पहिलं मोजमाप ०.३०९ आहे, अनिश्चितता जेमतेम ०.००९. टीएम-२ साडेतीन सिग्मांहून (एक सिग्मा म्हणजे मोजमापाच्या अनिश्चिततेएवढं अंतर) दूर पडला, टीएम-१ एका सिग्माच्या अंतरावर टिकून आहे. निव्वळ सममितीवरून काढलेल्या आकड्याला प्रयोगाने असं समोरासमोर उत्तर द्यावं, यासाठीच तर हा विषय करायचा.

याच्या उलट टोकाला अराजकतेचं गृहीतक: कोनांमागे रचना नाहीच, मॅट्रिक्स यादृच्छिक आहे. थीटा-१३ मोठा निघाल्यावर त्याचं वजन वाढलं, पण एकाच विश्वातल्या तीन कोनांवरून ते खोडता येत नाही. प्रबंधासाठी मी ते घेणार नाही. २०१७ पासूनची मॉड्युलर सममिती सममिती मोडण्यासाठी घालाव्या लागणाऱ्या फ्लेव्हॉन क्षेत्रांची गर्दी कमी करते, मात्र स्ट्रिंग सिद्धांताकडचं गणित पचवायची तयारी हवी.

गटसिद्धांतात रस असणाऱ्याने ए-फोर की एस-फोर या पायरीवर अडू नये: ए-फोरमधून सहसा टीएम-२ निघतो, टीएम-१ साठी एस-फोर लागतो. म्हणून आज एस-फोर घ्यावा, त्याला दोन उजव्या न्यूट्रिनोंचा सीसॉ जोडावा आणि थीटा-२३ व सीपी कला (न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या वागण्यातला फरक ठरवणारा कोन) यांचा संबंध आधी काढून ठेवावा, कारण ड्यून आणि हायपर-कामिओकांडे हे पुढचे प्रयोग नेमकं तेच मोजणार आहेत. जूनोची अनिश्चितता एक टक्क्याच्या खाली गेल्यावरही मधला आकडा ०.३०९ वरच राहिला, तर टीएम-१ लाही जागा उरणार नाही.