व्हिटॅमिन सी रंगाची बराकुडा आणि माझे ६७,७५० डॉलर

आकडा आधीच लिहून टाकतो, कारण दीड वर्ष मी तो कोणालाच पूर्ण सांगितला नव्हता. ६७,७५० डॉलर. रुपयांत साधारण छप्पन लाख. चार हप्त्यांत गेले: ५,००० क्रेडिट कार्डावर, मग ३२,५०० वायरने, म्हणजे बँकेतून थेट पाठवून, मग २८,४०० वायरने आणि शेवटी १,८५० पुन्हा वायरने. बायकोलासुद्धा शेवटचे दोन आकडे फार उशिरा कळले. बदल्यात मिळायची होती जुन्या रूपातली नवी बराकुडा गाडी; आज माझ्याकडे एक करारपत्र आहे आणि फोनमध्ये एक फोटो आहे. त्या फोटोवर पुढे येतो, कारण माझी खरी चूक त्या फोटोतच आहे.

मी १९९८ पासून मिशिगनमध्ये आहे, डेट्रॉईटच्या परिसरात. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणं हाच माझा धंदा: डाय, प्रेस, वेल्डिंग. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. उलट हेच सगळ्यात जास्त झोंबतं. एखाद्या परक्या विषयात फसलो असतो तर एवढं वाटलं नसतं. मी माझ्याच शेतात फसलो.

१९७० ची प्लिमथ बराकुडा मी पहिल्यांदा वुडवर्ड ॲव्हेन्यूवर पाहिली, माझ्या इथल्या दुसऱ्या उन्हाळ्यात. दर ऑगस्टमध्ये त्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. केशरी रंग, ज्याला प्लिमथने नावच ‘व्हिटॅमिन सी’ दिलं होतं. बॉनेटमधून वर आलेलं शेकर हूड, जे थेट इंजिनावर बसवलेलं असतं, म्हणून इंजिन थरथरलं की तेही थरथरतं. सांगलीला बाबांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं, मी इंजिनाच्या आवाजात वाढलो. सिग्नलला ती गाडी माझ्या शेजारी उभी राहिली आणि माझ्या गाडीची काच हलायला लागली. तेव्हाच ठरवलं, कधी ना कधी ही घ्यायची.

पण घेणार कशी? बराकुडा १ एप्रिल १९६४ ला आली, फोर्डच्या मस्टँगच्या सोळा दिवस आधी, आणि बरोबर दहा वर्षांनी, १ एप्रिल १९७४ ला बंद झाली. प्लिमथ हे नावच २००१ मध्ये संपलं. ४२६ हेमी या सगळ्यात ताकदवान इंजिनाच्या बराकुडा मुळातच थोड्या बनल्या. १९७१ ची एक उघड्या टपाची हेमी बराकुडा २०१४ च्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. साध्या इंजिनाची चांगली बराकुडाही माझ्यासारख्या नोकरदाराला परवडत नाही, आणि परवडली तर ती आतून गंजलेली निघते.

म्हणूनच कोणी ‘तीच गाडी, पण नवी’ असं म्हणालं की माणूस थांबून ऐकतो. आणि हे काही अशक्य नव्हतं. मस्टँगने २००५ मध्ये जुना चेहरा परत आणला. डॉजची चॅलेंजर २००८ मध्ये परत आली. शेवरलेची कॅमॅरो २०१० चं मॉडेल म्हणून परत आली. तिन्ही धडाक्यात चालल्या. राहिली होती ती बराकुडा, १९७० च्या चॅलेंजरची चुलत बहीण. ती परत येणार अशा वावड्या तर आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो. मला फसवणाऱ्याने हवेत किल्ला बांधला नाही, आमच्या मनात आधीच बांधलेल्या किल्ल्याचं तिकीट विकलं.

ऑगस्ट २०२२ मध्ये वुडवर्डच्या कडेला दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीने एक गाडी उभी केली होती. केशरी. तेव्हाच्या नव्या चॅलेंजरवर कार्बन फायबरची बॉडी, १९७० चा चेहरा, शेकर हूडसकट. किंमत १,६९,००० डॉलर. त्याच आठवड्यात जाहीर झालं होतं की पेट्रोलची चॅलेंजर २०२३ नंतर बंद होणार. सेल्सवाल्याने नेमकं तेच धरलं: ‘मूळ गाडीच मिळणार नाही साहेब, आत्ता नंबर लावला नाही तर कायमची गेली.’ चॅलेंजर डिसेंबर २०२३ मध्ये बंद झालीच. त्याच्या बोलण्यातली ही एक गोष्ट खरी होती, आणि एवढ्या एका खऱ्यावर बाकीचं सगळं खोटं तरून गेलं.

मी प्रश्न विचारलेच नाहीत असं कोणी म्हणू नये. विचारले. नव्या चॅलेंजरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ११६ इंच, जुन्या बराकुडाचं १०८. मधले आठ इंच कुठे गेले, हे मी तिथेच उभ्या उभ्या विचारलं. म्हणाला, ‘आम्ही फ्लोअर कापून छोटा केलाय.’ फ्लोअर कापला म्हणजे इंधनाच्या नळ्या, वायरिंग, मागची सीट, अपघातात गाडी कशी चुरगळेल याचं सगळं गणित बदलतं. हे मला रोज ऑफिसात लागतं. तरी मी मान डोलावली.

दुसरं. त्याने एक कायदा सांगितला, आणि कायदा खरा आहे. जुन्या गाड्यांची हुबेहूब प्रतिकृती थोड्या संख्येने बनवणाऱ्यांसाठी २०१५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने सूट दिली: किमान २५ वर्षं जुन्या गाडीचं रूप, वर्षाला जास्तीत जास्त ३२५ गाड्या, इंजिन मात्र प्रदूषणाच्या आजच्या नियमात बसणारं, आणि ज्याचं डिझाइन त्याचा परवाना. त्याचे नियम अमलात यायला २०२२ उजाडलं. ‘आम्ही त्याखालीच आहोत, तुम्हाला सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे नव्या गाडीचा जन्मदाखला, मिळेल,’ असं तो म्हणाला. अहो, तयार चॅलेंजरवर नुसतं नवं कातडं चढवलं तर ती कागदोपत्री तीच चॅलेंजर राहते: तोच व्हिन नंबर (गाडीचा कायमचा ओळख क्रमांक), तेच टायटल (मालकीचा कागद). एका तोंडाने ‘चॅलेंजरवर बांधतो’ आणि दुसऱ्या तोंडाने ‘नवीन गाडी म्हणून नोंदवतो’ असं जो सांगेल, त्याच्याकडून नोंदणीचा कागद आणि डिझाइनचा परवाना हातात घेतल्याशिवाय एक डॉलरही काढू नका.

बायकोने एकच प्रश्न विचारला होता. ‘अहो, त्यांनी आजवर कोणाला गाडी दिलीय, त्याचा फोन नंबर घेतलात का?’ मी म्हणालो, ‘तुला यातलं नाही कळणार.’ हे वाक्य मला आजही रात्री आठवतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये ५,००० भरले, ‘परत मिळण्याजोगे’ म्हणून. मार्च २०२३ मध्ये मूळ गाडी विकत घेण्यासाठी ३२,५००. कार्ड का नाही, तर म्हणे वायरने दिलं तर तीन टक्के वाचतात. त्या तीन टक्क्यांचे ९७५ डॉलर वाचवून मी सगळे घालवले. जुलैमध्ये विमानाने जाऊन त्यांचं वर्कशॉप बघून आलो. स्वच्छ होतं. आता विचार करतो, चालू वर्कशॉप इतकं स्वच्छ असतं का कधी? बाबांच्या गॅरेजमध्ये पाय ठेवला की चप्पल चिकटायची.

आता तो फोटो. नोव्हेंबर २०२३. मेल आला, ‘तुमची गाडी क्रमांक १४, रंगून तयार.’ फोटोत केशरी गाडी, समोरच्या काचेवर आतून लावलेली पांढरी चिठ्ठी, तिच्यावर मार्करने माझं आडनाव आणि १४. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला, नाव वाचायला. स्पेलिंग बरोबर होतं, आमच्या आडनावाचं इथे कधीच बरोबर नसतं, तर त्याचाच आनंद झाला. फोटो सांगलीला भावाला पाठवला, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आणि दुसऱ्या दिवशी घरावर उचल घेऊन २८,४०० ची वायर केली. जानेवारीत पट्ट्यांच्या खास रंगासाठी आणखी १,८५०.

त्या चिठ्ठीपासून वीतभर अंतरावर, ड्रायव्हरच्या बाजूला काचेच्या खालच्या कोपऱ्यात, व्हिनची पट्टी स्पष्ट दिसत होती. सतरा अक्षरं. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, हे मी झोपेतही सांगेन. २०२३ ला ‘पी’ असतो. तिथे ‘एच’ होता. एच म्हणजे २०१७. माझ्याकडून नव्या गाडीचे पैसे घेतले होते आणि काचेखाली सहा वर्षं जुनी गाडी बसली होती. फोटो मी निदान पन्नास वेळा उघडला असेन. पन्नास वेळा माझं नाव वाचलं. वीतभर बाजूला नजर नेली नाही. नेली असती तर ३०,२५० डॉलर वाचले असते, आणि ३२,५०० साठी निदान वेळेत भांडता आलं असतं.

याहून वाईट पुढे कळलं. २०२४ च्या उन्हाळ्यात, मार्चचा डिलिव्हरीचा वायदा टळून गेल्यावर, ओहायोमधल्या एका गिऱ्हाईकाशी गाठ पडली. त्याने आपल्या ‘क्रमांक ९’ चा फोटो पाठवला. तीच गाडी. तोच व्हिन. पुढच्या बंपरवर तोच रंगाचा ओघळ. फक्त चिठ्ठीवरचं नाव वेगळं. पुढे आम्ही सहा जण झालो, सहा चिठ्ठ्या, एक गाडी. एकाच्या पैशात दुसऱ्याला झुलवत ठेवण्याचा हा प्रकार मी तुम्हाला समजावायला नको. पुण्या-मुंबईत फ्लॅटचं बुकिंग करून ज्यांनी हात पोळले त्यांना सगळं पाठ आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांचे फोन बंद झाले आणि माझे खेटे सुरू झाले.

आमच्या गावच्या पोलिसांनी सांगितलं, कंपनी दुसऱ्या राज्यातली, तिकडे जा. तिकडच्यांनी फोनवर सांगितलं, करार आहे म्हणजे दिवाणी मामला, वकील करा. मी सांगतोय की एकच गाडी सहा जणांना दाखवली, फोटो आहेत, व्हिन आहे. समोरचा म्हणतो, डिलिव्हरीला उशीर हा गुन्हा नाही. ग्राहक तक्रार विभागाला अकरा पानं पाठवली. सात आठवड्यांनी उत्तर आलं की तुमची तक्रार कंपनीला कळवली असून तिच्या खुलाशाची वाट पाहत आहोत. ज्या कंपनीचा फोन बंद, दाराला कुलूप, तिच्या खुलाशाची वाट! वाहन विक्रेत्यांना लायसन्स देणाऱ्या खात्याकडे गेलो. ते म्हणाले, या कंपनीने आमच्याकडून लायसन्स घेतलेलंच नाही, म्हणून ती आमच्या कक्षेत येत नाही. मी त्या बाईंना दोनदा विचारलं, म्हणजे लायसन्स घेऊन फसवलं तर तुम्ही बघणार, आणि लायसन्स न घेता फसवलं तर कोणीच नाही? त्यांनी दुसऱ्या खात्याचा नंबर दिला. तो नंबर पहिल्याच खात्याचा निघाला. केंद्राच्या ऑनलाइन फसवणुकीच्या पोर्टलवर तक्रार केली, पोच आली, त्यापुढे काही नाही. बँक म्हणाली, वायर तुम्ही स्वतः केलीत. कार्ड कंपनी म्हणाली, ५,००० ला दोन वर्षं होत आली, मुदत गेली. आणि मुदत जावी म्हणूनच डिलिव्हरीची तारीख दीड वर्षापुढची ठेवतात! पहिली तारीख हुकली त्याच आठवड्यात कार्डावर हरकत घ्या. समोरचा कितीही गोड बोलो.

ऑक्टोबरमध्ये कोर्टाचं पाकीट आलं. कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, चॅप्टर ७, म्हणजे धंदा बंद करून उरलंसुरलं विकून देणेकऱ्यांना वाटायचं. वकिलाला ४०० डॉलर देऊन विचारलं तेव्हा कळलं की माल न मिळालेल्या सामान्य ग्राहकाच्या आगाऊ रकमेला कायदा अग्रक्रम देतो, पण आमच्या वेळी, २०२४ मध्ये, ३,३५० डॉलरपर्यंतच. तेही शिल्लक राहिलं तर. बाकीच्या ६४,४०० साठी मी रांगेत सगळ्यांच्या मागे. पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत तिसऱ्या कोणाकडे, ठेवले असते तर ते कंपनीच्या हाती लागलेच नसते. करारात एस्क्रो असेल तर एस्क्रो कंपनीला स्वतः, स्वतः शोधलेल्या नंबरवर, फोन करा. मूळ गाडीचे पैसे भरताय तर तिचं टायटल त्याच दिवशी तुमच्या नावावर. जो ‘शेवटी एकदमच करू’ म्हणेल त्याच्याकडून उठून या.

एक गोष्ट अजून लिहायची राहिली आणि ती सगळ्यात जड आहे. मंडळाच्या ग्रुपवरचा माझा फोटो बघून गणपतीत ओळख झालेल्या एका मित्राने ५,००० भरले होते. ‘तुम्ही या धंद्यातले, तुम्ही घेतलीत म्हणजे विषयच नाही,’ असं तो म्हणाला होता. दिवाळीत त्याच्या घरी जाऊन चेक ठेवला. त्याने घेतला नाही. मी टेबलावर ठेवून आलो. अजून वटलेला नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे काचेवर नावाची चिठ्ठी लावलेल्या केशरी गाडीचा फोटो असेल, तर आत्ता उघडा आणि ड्रायव्हरच्या बाजूचा खालचा कोपरा मोठा करा. दहावं अक्षर ‘एच’ आणि शेवटचे चार आकडे ४१०७ असतील, तर ती आमचीच गाडी. कोर्टाच्या नोटिशीत दावा दाखल करायची शेवटची तारीख दिली असेल, तर तिच्या आत आपला दावा आणि तो फोटो दाखल करा. आम्ही सहा जण आहोत. चिठ्ठीवरचे क्रमांक निदान चौदापर्यंत गेले होते.