सांदण दरी : घळीला दहापैकी नऊ, शनिवारच्या पॅकेजला पाच

‘सांदण करून आलो’ असं कुणी म्हणालं की आधी विचारावं, ‘कुठपर्यंत?’ घळीत उतरून दोर लावायच्या जागेपर्यंत जायचं आणि आल्या वाटेने घाटमाथ्यावरच्या, रतनगडाजवळच्या साम्रद गावाला परतायचं, हा एक प्रकार. दोराने खाली उतरून कोकणातल्या डेहण्याला बाहेर पडायचं, हा दुसरा. पहिला धडधाकट माणसाला अर्ध्या दिवसात जमतो. दुसऱ्याला आठ-दहा तास लागतात आणि गुडघे दोन दिवस बोलतात. ट्रेक नेणाऱ्या ग्रुपच्या जाहिरातींत मात्र दोन्हींचं नाव एकच असतं, त्यामुळे पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या.

‘आशियातली दुसऱ्या क्रमांकाची दरी’ हे वाक्य जाहिरातीत हमखास सापडतं. कुणी मोजली आणि कशी, ते कुठेच लिहिलेलं नसतं. सोडून द्या, सांदणला त्या बिरुदाची गरज नाही. साम्रदच्या पठाराला बेसॉल्टमध्ये पडलेली ही भेग. जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि आत शिरल्यावर दोन्हीकडचे कातळ इतके जवळ येतात की भर दुपारीही तळाला ऊन पोचत नाही. वर आभाळाची एक पट्टी तेवढी उरते. नऊ गुण त्या पट्टीचे.

आत पाण्याचे दोन टप्पे आहेत. पहिला गुडघ्याच्या आसपास. दुसरा पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर कमरेच्या वर, कधी छातीपर्यंत, आणि ऊन न लागल्याने पाणी झोंबणारं गार. उन्हाळ्याकडे दोन्ही आटत जातात. तळाचे धोंडे दिसत नाहीत, म्हणून काठीने चाचपत पाऊल टाकायचं. सॅक डोक्यावर, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत. बूट काढून अनवाणी जायचा मोह टाळा, बोटं ठेचकाळतात. पुढे सगळी वाट धोंड्यांवरून. ओल्या बुटाने कोरड्या धोंड्यावर पहिलं पाऊल पडतं तिथेच लोक जास्त घसरतात. घट्ट पकडीच्या रबरी सोलचे साधे ट्रेकिंगचे बूट इथे जाड तळाच्या महागड्या बुटांपेक्षा बरे.

ट्रेक ग्रुपच्या शनिवारच्या पॅकेजचे गुण कापले ते दोराच्या जागी. पहिला उतार साधारण चाळीस-पंचेचाळीस फुटांचा, पुढचे लहान. एका माणसाला हार्नेस (कमरेचे-मांड्यांचे पट्टे) चढवून, डिसेंडर (दोरावर उतरण्याचा वेग आवरणारं साधन) लावून खाली पोचवायला पाच ते सात मिनिटं धरा. चाळीसजणांचा ग्रुप आणि दोर एकच असेल तर शेवटच्या माणसाचा नंबर यायला चार तास. मग खालची धोंड्यांची वाट अंधारात, टॉर्चवर. म्हणून ‘ग्रुप किती जणांचा? दोर किती?’ हा प्रश्न फोनवरच करा. दोन दोरांना वीस माणसं, त्याहून जास्त नकोत.

जागेवर पाहायचं ते असं : दोर एकाच बोल्टवर आहे की दोन वेगळ्या अँकरवर (पक्क्या आधारांवर), काठावर कातळाशी घासतो तिथे खाली काही घातलंय का, उतरणाऱ्याला बिलेचा, म्हणजे दुसऱ्याने धरलेला सुरक्षेचा, वेगळा दोर आहे का, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) लॉक फिरवून बंद केलंय का. मोकळे केस आणि ओढणी डिसेंडरमध्ये अडकते; आधीच बांधून आत खोचा. नवखा माणूस घाबरून कातळाला चिकटतो, मग पाय सुटतात आणि गुडघे आपटतात. मागे रेलून बसायचं, पाय खांद्याएवढे फाकवायचे.

पावसाळ्यात घळीत पाऊल ठेवू नये. वरच्या पठाराचं पाणी याच भेगेत उतरतं आणि मधल्या भागात बाजूला चढून जायला जागाच नाही. अवकाळीतही तेच, आभाळ भरलं असेल तर वाटाड्या ‘नको’ म्हणेल, तिथे वाद घालू नका. अत्तर-डिओ लावू नका आणि धूर करू नका, आग्या मोहोळ असतं.

साम्रदमधल्या घरगुती जेवणाबद्दल तक्रार नाही. पिठलं, भाकरी, ठेचा, भात, सगळं गरम. वाटाड्या गावातलाच घ्या.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांचा एक घोळ नेहमीचा : माणसं डेहण्याला उतरतात आणि गाडी साम्रदला, सह्याद्रीच्या माथ्यावर. ड्रायव्हर असेल तर त्याला सकाळीच खाली पाठवा. नसेल तर डेहण्याजवळ मुक्काम करून दुसऱ्या दिवशी करोली घाटाच्या पायवाटेने साम्रदला चढून यायचं, तेही ऊन तापायच्या आत.