चेंबरमध्ये गोळी की चेंबर रिकामं?

गोव्यातल्या पिस्तूल परवानाधारकांत हा वाद जुनाच. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार पिस्तूल होल्स्टरमध्ये (म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात) आणि पूर्ण झाकलेलं हवं, म्हणजे शर्टाखाली. प्रश्न उरतो चेंबरचा, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला जिथून गोळी सुटते त्या जागेचा: बाळगताना तिथे गोळी तयार ठेवायची की नाही?

रिकाम्या चेंबरवाल्याला रात्री शांत झोप लागते, हे खरं. पण वेळ आली की गोळी चेंबरमध्ये आणायला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढावी लागते, त्याला दुसरा हात लागतो, आणि आपला दुसरा हात बहुतेकदा स्कूटरच्या हँडलवर नाहीतर पावसात छत्रीवर. घाईत स्लाइड अर्धवट ओढली की गोळी अडकते ती वेगळीच.

गोळी भरून बाळगणाऱ्याची भीती असते ‘आपोआप सुटली तर?’. ग्लॉकसारख्या पिस्तुलात आत तीन सेफ्टी असतात. ट्रिगर दाबल्याशिवाय ते सुटत नाही. खरा धोका पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगरगार्डमध्ये शिरली की संपलं. म्हणून ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टरच घ्या. घामाने लिबलिबीत झालेलं चामड्याचं नको.

भीती घालवायची तर पिस्तूल पूर्ण रिकामं करा, दोनदा तपासा, स्लाइड ओढून तसंच दिवसभर घरात कमरेला लावा. झाडलोट करा, खाली वाका. संध्याकाळी ग्लॉकचा ट्रिगर पुढेच असेल, तर स्ट्रायकर (गोळीवर आपटणारी पिन) पडलेला नाही, म्हणजे आपोआप काही सुटलं नसतं.

वडिलोपार्जित जुनं पिस्तूल असेल, ज्यात फायरिंग पिन अडवणारी सोय नाही, तर माझं मत सरळ: चेंबर रिकामंच ठेवा. आणि दारू प्यायची असेल त्या दिवशी दोन्ही पर्याय बाद, पिस्तूल तिजोरीत.