विंडोज ११ दिवाळीपासून वापरतेय: अपग्रेडची तयारी, मे महिन्यातला घोळ आणि चाळीस रुपयांचा सेल

घरचा कॉम्प्युटर मे महिन्यात बंद पडला तेव्हा दुकानात सांगितलेला खर्च: तीन हजार आठशे रुपये. प्रत्यक्षात झालेला खर्च: चाळीस रुपये. हा फरक अजून डोक्यातून जात नाहीये, त्यामुळे सूर चिडका लागला तर समजून घ्या.

मशीन २०१८ च्या अखेरीला जुळवून घेतलेलं. इंटेलचा आय३ ८१०० प्रोसेसर, एच३१० चा मदरबोर्ड, आधी चार जीबी रॅम, मागाहून टाकलेली २४० जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) आणि जुनी एक टीबीची हार्ड डिस्क. गाव परभणी. वापर म्हणाल तर शाळेचं शालार्थ (पगाराचं पोर्टल) आणि यू-डायस (शाळेच्या माहितीचं पोर्टल), प्रश्नपत्रिका, मुलीचे प्रवेशाचे फॉर्म, सातबारा नि पीक विम्याच्या पावत्या. गेम वगैरे कुणी खेळत नाही.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं सोयाबीन उभ्या पाण्यात गेलं होतं, त्यामुळे नवीन मशीन हा विषय घरात काढायचीच सोय नव्हती. दुकानदार मात्र म्हणाला, "मॅडम, हे जुनं झालं. याच्यावर अकरा चालत नसतं." पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं ॲप चालवून पाहिलं तर तिथंही लाल फुली.

पण ती फुली नीट वाचा. माझ्या मशीनला प्रोसेसरवर हिरवी खूण होती, कारण इंटेलची आठवी पिढी यादीत बसते. रॅम बसत होती, डिस्क बसत होती. लाल होत्या दोनच गोष्टी: टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय). या दोन्ही गोष्टी मशीनमध्ये असूनही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेल्या असू शकतात. इंटेलच्या बोर्डात टीपीएम हे नाव शोधत बसलात तर सापडणारही नाही. तिथं तो पीटीटी या नावानं असतो, एएमडीवाल्यांकडे एफटीपीएम. पुण्याच्या धाकट्या भावानं फोनवर सांगितलं, मी बायोसमध्ये जाऊन चालू केलं, एक फुली गेली. नवीन मशीन घ्यायला लावणारा सल्ला तिथंच निम्मा खोटा ठरला.

सिक्युअर बूटनं मात्र घाम फोडला. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडसमोर "लेगसी" लिहिलेलं होतं. भाऊ म्हणाला, "ताई, ज्यानं विंडोज मारलं त्यानं जुन्याच पद्धतीच्या पेन ड्राइव्हनं मारलंय. बोर्ड नवा, पण मांडणी जुनी." म्हणजे डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीची. सिक्युअर बूटला हवा यूईएफआय हा नवा बायोस मोड, आणि त्याला हवी जीपीटी या नव्या मांडणीची डिस्क. फॉरमॅट न मारता हे बदलायचं साधन विंडोज १० मध्येच आहे, एमबीआर२जीपीटी नावाचं. आधी व्हॅलिडेट (तपासणी) करून बघायचं, मग कन्व्हर्ट (बदल).

व्हॅलिडेट नापास. कारण अस्सल आपल्याकडचं. मशीन जुळवणाऱ्यानं २४० जीबीच्या एवढ्याशा एसएसडीचे सी, डी आणि ई असे तीन वाटे घातले होते, जणू वडिलोपार्जित रान आहे. डी आणि ई हे लॉजिकल पार्टिशन, म्हणजे एका वाट्याच्या आत पाडलेले उपवाटे होते, आणि या साधनाला सिस्टीमच्या डिस्कवर लॉजिकल पार्टिशन चालत नाही, प्रायमरी म्हणजे मुख्य वाटेही तीनपेक्षा जास्त नकोत. डी-ई मधलं सगळं जुन्या हार्ड डिस्कवर हलवलं, दोन्ही वाटे मोडले, मोकळी जागा सीला जोडली. मग व्हॅलिडेट पास झालं, कन्व्हर्टही झालं, नि बायोसमध्ये लेगसीचं यूईएफआय केलं. तुमच्या मशीनवर डी आणि ई दिसत असतील तर ते कुठल्या डिस्कवर आहेत हे आधीच डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहून घ्या, रात्र वाचेल.

तयारीतल्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. फोटो आणि शाळेच्या फायली दुसऱ्या डिस्कवर, शिवाय एका पेन ड्राइव्हवर. सीमध्ये चाळीसेक जीबी मोकळे. ज्यांचं विंडोज १० बत्तीस बिटचं आहे त्यांनी फायली तशाच ठेवून अपग्रेड होईल या भ्रमात राहू नये. अकरा फक्त चौसष्ट बिटमध्येच येतं, तुम्हाला नव्यानंच टाकावं लागेल. आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर बायोसला हात लावायच्या आधी ते थांबवा नि अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. माझ्याकडे बंद होतं, म्हणून पुढचा घोळ निभावला.

इन्व्हर्टरबद्दल मात्र दोन शब्द जास्त. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि अपग्रेड अर्धवट असताना मशीन बंद पडणं परवडत नाही. इन्व्हर्टर आहे म्हणून मी निश्चिंत होते, पण लाइट गेली की बल्ब चालू राहायचा नि कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट व्हायचा. बहुतेक इन्व्हर्टरला एक छोटं बटण असतं, साधा मोड आणि यूपीएस मोड. साध्या मोडमध्ये मेनवरून बॅटरीवर जायला क्षणभर जास्त लागतो; पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं. यूपीएस मोडवर टाकलं आणि मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिला. मशीन चालू राहिलं, तेव्हाच अपग्रेडला हात घातला.

अपग्रेड स्वतः बिनबोभाट झालं. दिवाळीच्या सुट्टीत दुपारी लावलं, फराळाचं आवरेपर्यंत नवा स्क्रीन समोर. मराठी फोनेटिक कीबोर्ड जसाच्या तसा आला. जुन्या फाँटमधल्या प्रश्नपत्रिका उघडल्या, अक्षरांचे डबे झाले नाहीत. जुन्या लेझर प्रिंटरची मी आशाच सोडली होती, पण त्यानं पहिल्याच हुकमाला कागद बाहेर टाकला. तेव्हा घरच्यांना म्हटलं, फुकटात एवढं मिळालं की बास.

पहिल्या काही महिन्यांतलं मत असं: टास्कबार वर किंवा बाजूला नेता येत नव्हता हे मला आवडलं नाही. उजवी क्लिक केली की आधी अर्धाच मेनू येतो, पूर्ण हवा असेल तर पुन्हा "शो मोअर ऑप्शन्स". वर्डपॅड गेलं, आमचे हे त्यातच हिशेब लिहायचे. चार जीबीवर क्रोममध्ये शालार्थ आणि शेजारी एक्सेल उघडलं की मशीन विचारात पडायचं. चार जीबी पुरते असं तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते. आता नाही सांगणार. फेब्रुवारीत सेकंड हँड चार जीबीची आणखी एक पट्टी टाकली आणि मगच कामाला वेग आला.

आता मे महिना.

सुट्टीत लग्नासाठी गावी गेलो. जाताना घरातला मेन स्विच पाडून गेलो, ऊन बेचाळीसच्या वर, उगाच काही जळायला नको. परत येऊन कॉम्प्युटर चालू केला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: बूट डिव्हाइस सापडत नाही, योग्य डिव्हाइस निवडा. पोटात गोळाच आला, कारण पहिल्या घटक चाचणीपासूनच्या सगळ्या नोंदी त्यात.

सीपीयू दुकानात नेला. पोरानं वायर लावली, ती ओळ पाहिली आणि तिथल्या तिथं निकाल दिला: "डिस्क गेली मॅडम. नवी एसएसडी टाकू, विंडोज मारून देतो, तीन हजार आठशे. डेटाची गॅरंटी नाही." मी म्हटलं, "अहो, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून तरी बघा." तर म्हणे, "तुम्ही अकरा टाकलं ना, त्यामुळंच होतंय. जुन्या मशीनला ते झेपत नाही, डिस्क खातंय." उघडून बघण्याचे तीनशे मागितले, आणि झाकण तर त्यानं काढलंही नव्हतं. पैसे न देता सीपीयू रिक्षात घातला नि परत आणला. खरं सांगते, त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर विंडोज ११ ला मीही पाचात एकच तारा दिला असता. पोराचं म्हणणं थोडंफार पटलंही होतं.

रात्री भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "बायोसमध्ये जा आणि आधी तारीख वाच." तारीख होती १ जानेवारी २०१८. "हार्डवेअरमध्ये एसएसडी दिसते का?" दिसत होती, नावासकट. "मग डिस्क ठणठणीत आहे ताई. बूट मोड बघ." लेगसी!

झालं असं की बायोसमध्ये आपण जे बदलतो ते बोर्डावरच्या एका नाण्याएवढ्या सेलच्या जोरावर टिकतं. सीआर२०३२, तीन व्होल्टचा, वीस मिलिमीटर रुंद नि ३.२ मिलिमीटर जाड, नावातच माप आहे. प्लग चालू असतो तोवर बोर्डाला मेनमधून थोडी वीज मिळत राहते, सेलवर भार पडत नाही. बटण बंद केलं की सगळं त्या सेलवर. आमच्याकडे रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त, बिल वाचतं म्हणून. म्हणजे २०१८ पासून दर रात्री तो सेल एकटाच पहारा देत होता. लग्नाच्या सुट्टीत त्याचा दम संपला आणि बोर्ड कारखान्यातल्या सेटिंगवर गेला.

विंडोज १० च्या काळात हे झालं असतं तर फक्त घड्याळ चुकलं असतं. कारण माझ्या बोर्डाचं मूळ सेटिंग लेगसी, आणि डिस्कही तेव्हा लेगसीचीच होती. आता डिस्क जीपीटी झालेली आणि बोर्ड तिला लेगसी पद्धतीनं शोधतोय, मग सापडणार कशी? सगळ्याच बोर्डांत असं होत नाही, काहींचं मूळ सेटिंग दोन्ही पद्धती बघणारं असतं. पण ज्यांनी माझ्यासारखं एमबीआरचं जीपीटी केलंय आणि मशीन सहा-सात वर्षांचं आहे, त्यांनी या सेलकडे बघा. टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू करा म्हणून सगळे कानीकपाळी ओरडतात. ती सेटिंग ज्याच्यावर टिकतात तो सेल बदला, असं मला एकानंही सांगितलं नव्हतं.

सेल गांधी पार्कजवळच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. चाळीस रुपये, तेही चांगल्या कंपनीचा मागितला म्हणून. प्लग काढायचा, झाकण उघडायचं, सेलच्या कडेची क्लिप नखानं दाबली की तो टुणकन वर येतो. नवीन बसवताना अधिकचं चिन्ह वरच्या बाजूला. त्यानंतर तारीख लावली, यूईएफआय केलं, आणि विंडोज सुरू झालं.

पण पिन चालेना. "तुमचा पिन उपलब्ध नाही" असा काहीतरी निरोप. पुन्हा धडकी. कारण साधं होतं: सेटिंग पुसलं गेलं तेव्हा पीटीटीही बंद झालं होतं, आणि विंडोजचा पिन त्या टीपीएमशी बांधलेला असतो. पीटीटी चालू केलं, पिन चालला. सिक्युअर बूटही पुन्हा चालू केलं. ते तसंच बंद ठेवलं तरी विंडोज कुरकुर करत नाही, म्हणून लोक विसरतात. विसरू नका. सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपायला लागतात, नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात, त्यामुळे अपडेट थांबवून ठेवलेले असतील तर तेही सोडा. जाता जाता बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय.

सेल संपत आल्याची खूण आधी दिसते म्हणे, आणि दिसलीही होती. एप्रिलमध्ये सकाळी घड्याळ मागे पडलेलं असायचं, एकदा तर शालार्थच उघडेना, ब्राउझर म्हणे कनेक्शन सुरक्षित नाही. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत आणि आपल्या मशीनची तारीख जुळली नाही की असं होतं. इंटरनेटला शिव्या देऊन आम्ही घड्याळ हातानं लावत राहिलो.

तर आताचं मत. विंडोज ११ ला पाचात साडेतीन, टास्कबारचा अर्धा आणि चार जीबीच्या त्रासाचा एक कापला. तयारीच्या साधनांना पूर्ण पाच, कारण एमबीआर२जीपीटीनं एकही फाइल इकडची तिकडे केली नाही. दुकानाला तारे द्यायची सोय इथं नाही हे त्याचं नशीब. हो, रात्रीचं भिंतीवरचं बटण आम्ही अजूनही बंद करतो. वर्षाचं बिल वाचतं ते सेलच्या चाळीस रुपयांपेक्षा जास्तच.

वसमतच्या नणंदेचं मशीन सहाव्या पिढीचं आहे, ते यादीत बसत नाही. आडमार्गानं टाकून देतो म्हणणारे भेटतात, मी नको म्हटलं. तिथं विंडोज १० लाच सुरक्षा अपडेटची जास्तीची मुदत घेतली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तीस डॉलर भरायची गरज पडली नाही, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की ती फुकट मिळते. त्यापुढे काय करायचं ते सोयाबीन विकल्यावर ठरवू, असं वन्सं म्हणाल्यात.